पांढरीवरचा अबोल सौदा

डॉ. दीपमाला क्षीरसागर यांना आमच्या पांढरीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मनात करून टाकला होता. पगार त्यांना होताच आणि सोनंनाणं निघालं तरी ते सरकारजमा, तेव्हा बाई त्या लोभानं आल्या नव्हत्या. त्यांना एकच वस्तू हवी होती. बोटाच्या पेराएवढी असली तरी चाललं असतं, पण ती राजस्थानच्या वाळवंटातली असायला हवी होती आणि कुणी न उकरलेल्या थरातून निघायला हवी होती. निघाली, तर त्यांची तीस वर्षं खरी ठरणार होती, विद्यापीठ त्यांना निवृत्तीनंतर आणखी पाच वर्षं ठेवून घेणार होतं, आणि ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांच्या पुस्तकाला भर सभेत ‘गोष्ट छान आहे’ म्हटलं होतं, त्यांना चष्मा पुसत बसावं लागणार होतं. नाही निघाली, तर तीस जूनला शाल, श्रीफळ आणि योगदानावर चार भाषणं.

माझ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्याच्याच वजाबाक्या करतो. मी बब्रुवान, बोरखेड ग्रामपंचायतीचा निवृत्त कारकून. अक्षर गोल म्हणून बाईंनी मला उत्खननाच्या नोंदवहीवर बसवलं. वस्तू निघाली की क्रमांक द्यायचा, थर आणि खोली लिहायची, शेरा लिहायचा, सही ठोकायची. बदल्यात ताडपत्रीची सावली, दोन वेळचा चहा, आणि बाई मला ‘बब्रुवानराव’ म्हणायच्या. गावात मला ‘राव’ फक्त मतदानाच्या आठवड्यात लागतं.

बोरखेड सोनारीपासून चार कोसांवर. गावाच्या उगवतीला ओढा आणि ओढ्याकाठी पांढर, म्हणजे जुनी वस्ती मोडून मोडून साचलेलं टेकाड. माती राखेसारखी भुसभुशीत. भिंत लिंपायला तिच्यासारखी दुसरी माती नाही आणि वांग्याच्या वाफ्याला तिच्यासारखं खत नाही. तिथं बाईंनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि बारा माणसं कामाला लावली.

बाईंचं माहेर उमरग्याचं. पुण्यात आणि राजस्थानच्या वाळूत हयात गेली तरी बोलताना मधेच ‘काऊन’ निसटायचं आणि मग त्या स्वतःच हसायच्या. चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला त्यांचा सिद्धांत समजावून सांगितला होता. चारेक हजार वर्षांपूर्वी वाळवंटाच्या कडेला शेरडं राखणारी, मीठ आणि गारेची, म्हणजे चकमकीच्या दगडाची पाती देणारी माणसं होती. त्यांचा माल हातोहात आपल्या दख्खनपर्यंत येत होता. पण भाषा एक नाही, ओळख नाही, विश्वास तर नाहीच. मग सौदा कसा व्हायचा? एकानं उघड्या माळावर माल ठेवून लांब जायचं. दुसऱ्यानं येऊन शेजारी आपला माल ठेवायचा आणि तोही लांब जायचा. पहिल्याला पटलं तर त्यानं दुसऱ्याचा माल उचलायचा, न पटलं तर तसाच ठेवायचा. तोंड कुणी कुणाचं बघायचं नाही.

मी म्हटलं, आमच्याकडं दोघं मांडीला मांडी लावून बसतात तरी बैलाचा सौदा फाटतो. बाईंना ते आवडलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

सिताबाई आमच्यात आली ती पाण्याच्या निमित्तानं. ती धनगर. दरसाल शिमग्यानंतर मुलगा बिरू, नात करिश्मा आणि सव्वाशे मेंढरं घेऊन ती पांढरीच्या खालच्या अंगाला पाल ठोकायची. वय सत्तरीच्या आसपास, कपाळावर आडवं गोंदण, आणि जिभेला धार. बाईंचा खड्डा बघून ती म्हणाली की एवढं खोल तर आमी माणूस बी पुरत न्हाय. मग पांढरीच्या माथ्यावरच्या सपाट दगडाकडं हात करून तिनं विचारलं, दगडावर काय ठेवलं?

बाईंना कळेना. तेव्हा सिताबाईनं शिरस्ता सांगितला. पांढरीची माती नेली की त्या दगडावर काहीतरी ठेवायचं, भाकरी, मूठभर जोंधळे, लोकरीचा पुंजका, जे असेल ते. ठेवलं की मागं वळून बघायचं नाही. सकाळी वस्तू गेलेली असली की सौदा पटला. तशीच असली तर कमी पडलं, आणखी ठेवायचं, नाहीतर माती माघारी टाकायची. कोण नेतं ते विचारायचं नाही.

हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि निम्म्यांनी ते सोडलंही होतं. पण बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जे त्यांनी तीस वर्षं पुस्तकात मांडलं होतं, ते एक म्हातारी दात कोरत सांगत होती.

आणि इथंच त्यांनी चूक केली. चूकही अशी की ती शिकल्यासवरल्या उत्खननवाल्यानंच करावी. मजुरांना काय शोधायचं ते दाखवायला बाई एका चपट्या डबीत वाळवंटातल्या वस्तूंचे नमुने ठेवत. त्यात मधाच्या रंगाच्या गारेचं एक पातं होतं, करंगळीएवढं. तसली गार वाळवंटाकाठच्या एकाच डोंगरात मिळते, असं त्या सांगत. बाईंनी ते पातं दगडावर ठेवलं. म्हणाल्या, माती तर आपण ट्रॉलीनं काढतोय, मग द्यायचं तर त्यांच्या ओळखीचं द्यावं. दोन फोटो काढले. परकी वस्तू खोदकामाच्या जागेवर आणायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. त्यामुळं मी वही उघडली तेव्हा त्यांनी नुसती ‘नको’ अशी मान हलवली. मी वही मिटली.

सकाळी पातं नव्हतं. कावळ्यानं नेलं असेल, बाई म्हणाल्या. सिताबाई म्हणाली, पटलं बगा तुमचं, आता खुशाल खणा.

त्यानंतर अकराव्या दिवशी दीड पुरुष खोलीवर चुन्यानं घोटलेली भुई लागली. एकसंध, कढईच्या बुडासारखी. बाईंनी गुडघ्यावर बसून तीन तास ती ब्रशनं झाडली. कुठं उंदराचं बीळ नाही, मुळी नाही, तडा नाही. या भुईच्या खाली जे असेल ते भुई होण्याआधीचं, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या पलीकडचं, आणि मधे कुणाचा हात लागलेला नाही. त्यांनी माझ्याकडून हे सगळं लिहून घेतलं, फोटो काढले, आणि मग तिचा हातभर चौकोन कापला. खाली राख होती. राखेत, पांढऱ्या पुटानं माखलेलं, करंगळीएवढं पातं होतं.

बाई खड्ड्याच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. मजुरांना त्यांनी जेवायला सुट्टी दिली. दुपारी बाराचा सुमार, वारा पडलेला. मी वाटीत पाणी आणि मऊ ब्रश दिला. असलं पूट चढायला हजारो वर्षं लागतात, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दगडाला बसलेलं ते चुन्यासारखं पूट टाचणीनं टवका टवका काढावं लागत होतं. मधाचा रंग दिसला. मग त्या रंगावर काळी शाई दिसली.

नमुन्यावर क्रमांक घालायची त्यांची पद्धत मी पाहिली होती. नखाला लावतात तसल्या बिनरंगी पॉलिशचा हात, त्यावर काळ्या शाईनं आकडे, वरून पुन्हा पॉलिश. पात्यावर होतं 94-217. सात बाईंचाच, पोटात आडवी रेघ असलेला. चौऱ्याण्णव साली एका तंबूत, आपल्या पहिल्या मोहिमेत, त्यांनी स्वतः लिहिलेला. पूट पॉलिशच्या वर होतं.

मी वर बघितलं. ऊन तेच, ओढा तोच, लिंबाखाली मजूर भाकरीवर ठेचा घेऊन बसलेले. फक्त सिताबाईची मेंढरं चरायची थांबली होती. सगळीच्या सगळी खड्ड्याकडं तोंड करून उभी होती.

बाईंनी काय काय मोजलं असेल ते मी त्यांच्या तोंडावरून वाचत होतो. वस्तू वाळवंटातली, खरी. थर बंद, खरा. साक्षीदार बारा, फोटो चाळीस. तीस वर्षं जे हवं होतं ते तळहातावर, आणि त्याच्यावर त्यांचंच अक्षर. हे असंच दाखवलं तर लोक म्हणणार, बाईंनी स्वतःच पुरलं. नोकरी जाईल, पुस्तक जाईल, आणि वाळवंटातलं बाकी सगळंही खोटं ठरेल. खरं बोलायला त्यांच्याकडं एक शब्द नव्हता.

शेवटी त्यांनी पिशवीतून कापूस आणि पॉलिश काढायची बाटली घेतली. शाई निघायला चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

“बब्रुवानराव,” त्या वहीकडं न बघता म्हणाल्या, “शेऱ्यात काय लिहाल?”

“तुम्ही सांगाल ते.”

“जे दिसतंय ते लिहा.”

पात्यावर आता काहीच दिसत नव्हतं. मी लिहिलं: ‘खूण नाही.’ खाली सही केली. माझं अक्षर त्या दिवशीही गोलच आलं.

संध्याकाळी सिताबाई आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दगडावर हात ठेवून आली होती. एप्रिलात त्या दगडावर पापड भाजावा असा तो तापतो. तिनं बाईंचा हात धरून वर नेला आणि दगडावर टेकवला. मीही टेकवला. रांजणाच्या बुडासारखा गार होता.

“बाई, दिल्यालं माघारी घेतलंत का?” तिनं विचारलं.

बाईंनी तिला सरळ उत्तर दिलं, एवढं मी त्यांच्या जमेला धरतो. घेतलं, म्हणाल्या. पण आणखी आठ दिवसांनी विद्यापीठाची समिती येणार आहे, ती गेली की परत ठेवते.

सिताबाईनं त्यांना पुष्कळ समजावलं. किंमत पोचली होती, पावती मिळाली होती, आता मालही तुमच्याकडं आणि किंमतही तुमच्याकडं, असा सौदा बाजारात चालत नाही तर इथं कसा चालेल, असं तिचं म्हणणं. आणि वर ती म्हणाली की पांढर माणसं ओळखत नाही, जो जवळ बसलाय त्याच्याकडून वसूल करते. तुम्ही गाडीत बसून परांड्याच्या लॉजवर जाता. जवळ माझं पाल आहे.

बाई म्हणाल्या, आठच दिवस. त्या वाईट नव्हत्या. तीस वर्षांपुढं आठ दिवस त्यांना खरोखर कमी वाटले.

मग सिताबाईनं स्वतःच्या पदरचं ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पायलीभर जोंधळे. सकाळी दाणे तसेच होते. त्यात विशेष नाही, पण दगडाच्या बुडाशी मुंग्यांची रांग होती आणि ती दाण्यांना वळसा घालून जात होती. दुसऱ्या दिवशी लोकर. दिवसभर वावटळी उठत होत्या, आमच्या ताडपत्रीचा एक कोपरा फाटला, आणि त्या पुंजक्याचा एक केस हलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दंडातली चांदीची येळा काढून ठेवली. गावातला एखादा तरी ती उचलेल अशी मला मनातून आशा होती, म्हणजे निदान प्रकार समजण्यातला झाला असता. कुणी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी काळं कोकरू बांधलं. सकाळी ते जिवंत होतं. ओढ्याकडून लांडग्याची पावलं आली होती आणि दगडापासून दहा हातांवर थांबून माघारी गेली होती. कोकरू ओरडत नव्हतं. सोडलं तरी ते आईकडं गेलं नाही; जरा वेळानं गेलं, पाहुण्यासारखं.

बाईंनी रोज फोटो काढले. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत हे शेवटचं प्रकरण होणार होतं.

बिरू आईवर चिडला. हे गावाचं लचांड आपल्या गळ्यात कशाला, उद्याच पाल हलवू, असं तो म्हणत होता. म्हातारी म्हणाली, हलवून कुठं जाशील, उधारी पाठीमागून चालत येते. समिती यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती हातात काहीच न घेता चढाला लागली. मी ताडपत्रीखालून विचारलं, आज काय ठेवणार?

“काय पायजे ते त्यांनाच इचारते की बब्रू,” ती म्हणाली. “चार दिस मीच दर ठरवाय लागले. त्यांचा बी ऐकावा.”

ती दगडावर जाऊन बसली, खड्ड्याकडं पाठ करून. आम्ही मागं वळून बघायचं नाही म्हणून बघितलं नाही. ऊन कललं तेव्हा ती उतरून आली, हसत. बिरूनं पाणी दिलं, ती प्यायली, तिनं करिश्माच्या वेणीला हात लावला, मला म्हणाली ‘बब्रू, चा पाज.’ मला हायसं वाटलं. मग ती पालाकडं निघाली आणि तिचे स्वतःचे दोन्ही कुत्रे तिच्यावर धावून आले.

बिरूनं त्यांना दगड मारून आवरलं. मेंढरं आरोळी पडल्यासारखी फुटली, काही ओढ्यात, काही खड्ड्याच्या दोरीत अडकली. सव्वाशे मेंढरांतलं प्रत्येक ती तोंडावरून ओळखायची, कुणाची आई कोण ते सांगायची. करिश्मानं काळं कोकरू आणून तिच्या मांडीवर दिलं. सिताबाईनं ते धरलं, उलटंपालटं करून बघितलं.

“बिरू,” तिनं विचारलं, “ह्ये कसलं जनावर रं?”

दुसऱ्या दिवशी समिती आली. ज्येष्ठ प्राध्यापकांनी पातं तळहातावर घेतलं, भुईचा कापलेला काठ भिंगातून बघितला, माझी वही तपासली. आता ही गोष्ट राहिली नाही, असं ते म्हणाले, आणि चष्मा पुसला. पात्याला तिथल्या तिथं नवा क्रमांक मिळाला. तीन सह्यांनी डबी सील होऊन गाडीत बसली. आता ते बाहेर काढायला त्याच तीन सह्या लागणार होत्या. बिरू बाईंकडं पातं परत मागायला आला तेव्हा बाईंनी त्याला हे नीट, हळू आवाजात समजावून सांगितलं. मी अर्ज करते, म्हणाल्या. अर्ज त्यांनी खरंच केला. मीच लिहून दिला.

हंगामाचे चार दिवस उरले होते. भुईखालची राख सगळी काढली तेव्हा खाली चिखल वाळून कडक झालेला थर लागला. त्यात खूर उमटले होते, मेंढरांचे, शेकड्यानं, काल ओढ्यावरून परतल्यासारखे ताजे. कडेला माणसाचं पाऊल होतं. एकच, उजवं, आणि शेजारी काठी टेकल्याचं भोक. चार हात पुढं पुन्हा तेच, एक पाऊल आणि भोक. मजूर म्हणाले, लंगडा असेल. बाई म्हणाल्या, मेंढपाळ असेल, आणि त्यांनी लगेच कॅमेरा उचलला, कारण कळपाचा इतका जुना ठसा या भागात कुणाला मिळालेला नव्हता.

बिरूला मीच बोलावलं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. त्यानं वाकून ठसे निरखले.

“लंगडं न्हाय,” तो म्हणाला. “काठीवर भार द्यायचा अन् डावा पाय उजव्या गुडघ्यावर ठिवायचा. माय अशीच हुबी ऱ्हायची. दिस दिस.”

बाईंनी ऐकलं. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. पण ठशांचे फोटो काढून झाले होते, आणि त्यांचा एक लेख पुढं त्यावर आलाच.

सप्टेंबरात बाईंचं पत्र आलं, नव्या आवृत्तीसोबत. आता बेरीज करून टाकतो. बाईंना पाच वर्षं मिळाली, सिद्धांत मिळाला, दोन लेख मिळाले. फक्त त्या आता डबीत नमुने ठेवत नाहीत, असं ऐकतो. ज्येष्ठ प्राध्यापकांना प्रस्तावना मिळाली. मला मिळाली तळटीप, त्यात माझं नाव ‘राव’सकट छापलं आहे. गावाला पक्क्या रस्त्याचं आश्वासन मिळालं. बिरूनं मेंढरं बाजारात काढली, कुत्रे वाटून टाकले आणि उमरग्याला ट्रकवर लागला; त्याच्या पदरात हा तोटा कुणी त्याला विचारून टाकला नव्हता. सिताबाई त्याच्या भाड्याच्या खोलीच्या दारात दोन्ही पाय लांब करून बसलेली असते, सगळ्यांना ओळखते, हमरस्त्यावरून मेंढरं गेली की बाजूच्या बायकांना विचारते, ही कशाला पाळतात.

पांढरीची माती बोरखेडातल्या प्रत्येक घराला लागलेली आहे, माझ्याही. त्या मातीचा दर सिताबाईनं चुकता केला, आणि तिच्या पालाला लिंपायला भिंतच नव्हती.